नगरसेवक आपला की गटाचा? व्हीप, गटनोंदणी आणि पक्षांतरबंदी, जरा सोप्या भाषेत

जानेवारी २०२६ मध्ये ठाणे, नवी मुंबई धरून राज्यातल्या २९ महापालिकांच्या निवडणुका एकदाच्या झाल्या. एकदाच्या म्हणजे खरंच एकदाच्या, कारण नवी मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली होती मे २०२० ला आणि ठाण्याच्या मार्च २०२२ ला. बोटावरची शाई अजून गेली नव्हती तोवर बातम्यांमध्ये नवीन शब्द सुरू झाला, गटनोंदणी. निवडून आलेली मंडळी गाड्या भरभरून सीबीडी बेलापूरच्या कोकण भवनात चाललीयेत, सह्या करतायत, बाहेर येऊन फोटो काढतायत. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी विचारलं, "आत्ताच तर निवडून दिलं ना, मग आता हे परत कुठे नाव नोंदवायला चालले?" त्यावर मेसेज भरपूर आले, निम्मे हसण्याचे इमोजी, उरलेले आपापल्या पक्षाची बाजू घेणारे, उत्तर एकाचंही नाही. आणि काकांचा प्रश्न तर एकदम मुद्द्याचा होता, कारण आपण दिलेलं मत नंतर नेमकं कोणाच्या खिशात जातं ते याच नोंदणीत ठरतं.

आधी महापालिकेत कोण काय करतं ते बघू

बऱ्याच जणांना वाटतं महापौर म्हणजे शहराचा मुख्यमंत्री. तसं नाहीये. कारभार चालवतो आयुक्त, तो बहुतेक वेळा आयएएस अधिकारी असतो आणि त्याला नेमतं राज्य सरकार. महापौर अडीच वर्षांसाठी असतो, महासभा म्हणजे सगळ्या नगरसेवकांची सभा चालवतो, मान मोठा पण सहीचा अधिकार फारसा नाही. खरी ताकद स्थायी समितीत, १६ जणांची समिती, मोठी टेंडरं आणि खर्चाचे प्रस्ताव तिथून जातात, बजेटही आधी तिच्याकडेच येतं.

आता या १६ खुर्च्यांवर कोण बसणार? सभागृहात ज्या पक्षाचे जितके लोक त्या प्रमाणात जागा. याला पालिकेच्या भाषेत तौलनिक संख्याबळ म्हणतात आणि हा आकडा काढायचा तर आधी कोण कोणाबरोबर आहे ते कागदावर यायला लागतं. म्हणून गटनोंदणी. एकेका पक्षाचे सगळे नगरसेवक मिळून आपला एक गटनेता निवडतात, विभागीय आयुक्तांकडे यादी देतात, आणि ठाणे-नवी मुंबईचे विभागीय आयुक्त बसतात कोकण भवनात, म्हणून त्या गाड्या तिकडे.

इथपर्यंत सगळं ठीक आहे, हिशोबाचंच काम आहे. पण एकदा नाव गटात गेलं की पुढे एक दोरी बांधली जाते आणि ती कोणी फारशी दाखवत नाही. निकालानंतर ठराविक मुदतीत वेगवेगळ्या पक्षांचे लोक आणि अपक्ष मिळूनही आघाडी नोंदवू शकतात आणि ती नोंदली की कायद्याच्या नजरेत ती जवळपास पक्षासारखीच. म्हणजे तुम्ही सगळ्या पक्षांना कंटाळून मुद्दाम अपक्षाला मत दिलंत, तो जिंकला, आठवड्याभराने एका आघाडीत नोंदला गेला, की पुढची पाच वर्षं गटनेत्याचा आदेश त्याला लागू.

व्हीप म्हणजे काय

त्या आदेशालाच व्हीप म्हणतात, मराठीत पक्षादेश. अमुक विषयावर अमुक बाजूने हात वर करायचा. नाही केला, किंवा गैरहजर राहिलात, आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही तर पद जाऊ शकतं. आमदार-खासदारांना हे घटनेच्या दहाव्या परिशिष्टाने लागू होतं आणि नगरसेवकांसाठी त्याच धर्तीवर महाराष्ट्राचा १९८६ चा वेगळा कायदा आहे.

सोसायटीवरून सांगतो म्हणजे पटकन कळेल. समजा तुमच्या विंगने एका माणसाला कमिटीवर पाठवलं, कारण तुमच्या विंगला वरच्या टाकीचं पाणी नीट येत नाही. कमिटीत ठराव आला की यंदाचा सगळा फंड गेट आणि लॉबीच्या टाइल्सवर खर्च करू. तुमचा माणूस विरोध करायला उठला तर सेक्रेटरी म्हणतो, आपल्या पॅनलचं ठरलंय, विरोधात गेलास तर कमिटीतून बाहेर. तो खाली बसतो. पुढच्या वेळी तुम्ही त्याला लिफ्टमध्ये पकडून विचारता, पाण्याचं काय झालं? तो काय सांगणार? बिचारा चांगलाच असतो कदाचित, पण त्याला कमिटीत ठेवायचं की नाही हे तुमची विंग ठरवतच नाहीये.

महासभेत हे असं घडतं की विषयपत्रिका येते, शंभर-दीडशे विषय, काही ऐनवेळचे म्हणजे आयत्या वेळी आणलेले, सूचना, अनुमोदन, मंजूर, सूचना, अनुमोदन, मंजूर. प्रत्येक विषयावर काही व्हीप निघत नाही हे खरंय, महापौरांची निवड, समित्यांच्या निवडणुका अशा वेळी निघतो. पण व्हीप आहे हे माहीत असणंच पुरतं, आणि पुढचं तिकीटही त्याच दारातून येतं.

हा कायदा आणला तरी कशाला

कायदा चांगल्या हेतूने आला होता हे आधी सांगितलं पाहिजे. १९६७ साली हरियाणात गयालाल नावाच्या आमदाराने पंधरा दिवसांत तीन वेळा पक्ष बदलला, तिथून आया राम गया राम हा शब्द आला. त्या काळात राज्याराज्यांत सरकारं अशीच पत्त्यासारखी पडत होती. शेवटी १९८५ ला राजीव गांधींच्या सरकारने ५२ वी घटनादुरुस्ती केली आणि पक्षांतरबंदी आली. दोन गोष्टींवर पद जातं, एक म्हणजे पक्ष स्वतःहून सोडला तर, दुसरं व्हीप मोडला तर.

अपेक्षा होती की आता बाजार बंद होईल. पण बंद झाला तो किरकोळ बाजार, घाऊक चालूच राहिला.

एकटा गेला तर पद जातं, घोळक्याने गेले तर राहतं

मूळ कायद्यात पळवाट होती, पक्षाचे एकतृतीयांश लोक फुटले तर ती फूट मानायची, पक्षांतर नाही. २००३ मध्ये ९१ व्या घटनादुरुस्तीने ही वाट बंद केली आणि विलीनीकरणाची ठेवली, म्हणजे दोनतृतीयांश लोक दुसऱ्या पक्षात विलीन व्हायला तयार असतील तर सगळे सेफ. म्हणजे आता फुटायचं असेल तर आणखी जास्त माणसं गोळा करा एवढाच धडा नेत्यांनी घेतला. एखाद्या आमदाराला मनापासून वाटलं की हे विधेयक माझ्या मतदारसंघाच्या मुळावर येतंय आणि त्याने एकट्याने विरोधात मत दिलं तर घरी जाईल. पण तीच माणसं रात्रीतून दोनतृतीयांश होऊन बाजू बदलली तर खुर्ची शाबूत. म्हणजे ज्याला शिक्षा होऊ नये त्याला होते आणि ज्याच्यासाठी कायदा केला तो वाचतो.

आपल्याकडचीच उदाहरणं घ्या. नवी मुंबईत २०१५ ला राष्ट्रवादीच्या घड्याळावर निवडून आलेले बहुतेक नगरसेवक २०१९ ला गणेश नाईकांबरोबर भाजपमध्ये गेले. वाशी, कोपरखैरणेच्या मतदाराने घड्याळाचं बटण दाबलं होतं, त्याला कोणी विचारलं नाही. मग जून २०२२, कोपरी-पाचपाखाडीचे आमदार एकनाथ शिंदे बहुसंख्य शिवसेना आमदारांना घेऊन सुरत, तिथून गुवाहाटी, आणि सरकार बदललं. जुलैत ठाण्याचे शिवसेनेचे माजी नगरसेवक, ६७ पैकी ६६, शिंदेंबरोबर गेले. आता यात कोणाला तो उठाव वाटतो कोणाला गद्दारी, ठाण्यात यावरून घराघरात भांडणं झालीयेत, मी त्यात पडत नाही. मुद्दा एवढाच की २०१९ ला ज्यांनी युती म्हणून मत दिलं त्यांना आधी महाविकास आघाडीचं सरकार मिळालं आणि मग अडीच वर्षांनी दुसरंच, आणि दोन्ही वेळा निर्णय त्यांच्याकडे आलाच नाही.

आणि ताजं उदाहरण तर आपल्याच जिल्ह्यात, अंबरनाथ. नगरपालिकेत जास्त जागा शिंदेंच्या शिवसेनेच्या, तर त्यांना बाजूला ठेवायला भाजप आणि काँग्रेसचे नगरसेवक एका आघाडीत आले. हो, भाजप आणि काँग्रेस. वरून बोंबाबोंब झाली, काँग्रेसने आपल्या १२ नगरसेवकांना निलंबित केलं, आणि ते बाराही जण भाजपमध्ये गेले. पंजाला मत देणारा माणूस हे वाचून काय करेल, पुढच्या वेळी घरी बसेल, दुसरं काय.

अंपायर कोणाचा

आमदाराने पक्षांतर केलं की नाही हे ठरवतो विधानसभेचा अध्यक्ष, आणि तो निवडून येतो सत्ताधाऱ्यांच्या बहुमताने. १९९२ ला सुप्रीम कोर्टाने किहोतो होलोहान खटल्यात हा कायदा वैध ठरवला पण अध्यक्षांचा निर्णय कोर्टात तपासता येईल असंही सांगितलं. अडचण अशी की निर्णय दिलाच नाही तर तपासणार काय? २०२० मध्ये कोर्टाने सांगितलं, साधारण तीन महिन्यांत निकाल द्या. महाराष्ट्रात जून २०२२ पासूनच्या तक्रारींवर निकाल लागला १० जानेवारी २०२४ ला, दीड वर्षाने, आणि दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र ठरला नाही. मधल्या काळात मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाने एक महत्त्वाचं वाक्य लिहून ठेवलं की व्हीप बजावणारा माणूस, म्हणजे प्रतोद, नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळातल्या गटाचा नाही. वाचायला छान आहे. पण मूळ पक्ष कोणता हे परत अध्यक्षांनीच ठरवायचं होतं. नोव्हेंबर २०२४ ला तर नवीन निवडणूकच आली.

महापालिकेत हा निर्णय विभागीय आयुक्तांकडे असतो, म्हणजे राज्य सरकारच्या अधिकाऱ्याकडे.

चार नगरसेवक आणि एक खचलेलं झाकण

व्हीप, फूट या लांबच्या गोष्टी वाटत असतील तर ही जवळची. यावेळी नवी मुंबईत पहिल्यांदाच पॅनल पद्धत आली, १११ जागा, २८ प्रभाग, एका प्रभागात चार नगरसेवक, फक्त एकात तीन. ठाण्यात चारचा प्रभाग २०१७ पासूनच आहे, १३१ जागा, ३३ प्रभाग. मशीनवर अ, ब, क, ड, पांढरा, गुलाबी, पिवळा, निळा रंग, चार वेळा बटण दाबा. बऱ्याच आजी-आजोबांना एकदा दाबून झालं असंच वाटत होतं.

समजा तुमच्या गल्लीच्या तोंडाशी ड्रेनेजचं झाकण खचलंय, रिक्षा त्यात आपटतायत, कोणीतरी त्यात झाडाची फांदी खोचून ठेवलीये. तुम्ही अ ला फोन केला, तो म्हणतो तुमची बाजू ब बघतो. ब म्हणते मी लेटर दिलंय पण क च्या निधीत धरलंय. क दुसऱ्या पक्षाचा, तो म्हणतो सत्ताधारी अडवतात. ड फोन उचलत नाही. पाच वर्षांनी तुम्ही शिक्षा कोणाला देणार? तीन कामचुकार एका चांगल्याच्या आडोशाला निवडून येतात, किंवा एक चांगला तिघांबरोबर पडतो. पक्षांना हे सोयीचं आहे कारण माणूस मागे जातो आणि चिन्ह पुढे येतं.

आणि ही पद्धत किती वेळा बदलली बघा. २०१७ ला फडणवीस सरकारच्या काळात चारचा प्रभाग, २०१९ च्या शेवटी महाविकास आघाडीने एकाचा केला, २०२१ ला त्यांनीच तीनचा, २०२२ ला शिंदे सरकारने पुन्हा चारचा. प्रत्येक वेळी कारण सांगितलं लोकांच्या सोयीचं आणि प्रत्येक वेळी बदलणाऱ्याला त्यात फायदा दिसत होता. दर वेळी नव्याने नकाशे, हरकती, सुनावण्या, वर ओबीसी आरक्षणाचा खटला. घटनेच्या २४३-यू कलमात स्वच्छ लिहिलंय की पालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. तरी सुप्रीम कोर्टाला मे २०२५ मध्ये आदेश काढायला लागला की चार महिन्यांत घ्या, मग तीही मुदत वाढून ३१ जानेवारी २०२६ झाली.

"पण प्रशासकाच्या काळात कामं बरी चालली होती की"

नगरसेवकांची मुदत संपल्यापासून निवडणूक होईपर्यंत आयुक्तच प्रशासक म्हणून एकट्याने कारभार बघत होते, त्या काळाबद्दल हे नवी मुंबईत फार ऐकू येतं आणि त्यात तथ्य आहे. नगरसेवक नसतानाही शहर स्वच्छ सर्वेक्षणात देशात वरच्या नंबरांत राहिलं, मोरबे धरण स्वतःचं आहे, पाण्याचं बरं चाललंय. मग कशाला हवी ही भांडणं?

कारण प्रशासकाच्या काळात बजेट मांडणारा आणि मंजूर करणारा एकच माणूस होता. करवाढ असो, आरक्षित भूखंडाचा वापर असो किंवा एखादं मोठं टेंडर, सभागृहात उभं राहून "थांबा, हे काय आहे" म्हणणारं कोणी नव्हतं. आणि प्रशासक म्हणजे राजकारण नाही हाही गैरसमजच, त्याची बदली मंत्रालयातून होते, त्यामुळे राजकारण असतंच, फक्त आपल्या समोर होत नाही. चांगला अधिकारी मिळाला तर नशीब, आणि नाही मिळाला तर तक्रार करायला त्याच्याच केबिनबाहेर बसा.

"व्हीप काढला तर उघड बाजार भरेल"

ही शंका सगळ्यात वजनदार. पक्ष नसतील तर प्रत्येक मताला भाव फुटेल, सरकार दर आठवड्याला पडेल. मान्य. मला पक्षच नकोत असं म्हणायचं नाहीये, कोणीतरी जाहीरनामा लिहायला हवा आणि तो मोडला तर धरायला एक गळा हवा. पण व्हीप सगळ्याच विषयांवर कशाला? १९९० ला दिनेश गोस्वामी समितीने सांगितलं होतं की व्हीप मोडला म्हणून पद जायचं ते फक्त विश्वास-अविश्वास ठरावासारख्या मतदानापुरतं ठेवा, बाकी विषयांवर माणसाला मोकळं सोडा. १९९९ ला विधी आयोगाच्या १७० व्या अहवालातही साधारण हीच दिशा होती. सरकार वाचतं, बाजार भरत नाही, आणि धरणाच्या किंवा शाळेच्या विषयावर आमदार आपल्या लोकांसाठी बोलू शकतो. व्हीपबद्दलच्या या दोन्ही सूचना पडून आहेत. सत्तेत आलेल्या एकाही पक्षाला त्या अमलात आणाव्याशा वाटल्या नाहीत, यात सगळे एकदिलाने एकत्र.

इंग्लंडमध्ये व्हीप आपल्यापेक्षा जुना आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये तिथले पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी ब्रेक्झिटवरून, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या मुद्द्यावरून, विरोधात मत देणाऱ्या स्वतःच्या २१ खासदारांना पक्षाच्या गटाबाहेर काढलं, पण त्यांची खासदारकी गेली नाही, कारण ती पक्षाने दिलेली नव्हती.

"लोक चिन्ह बघूनच मत देतात, मग नगरसेवक पक्षाचाच झाला ना"

बरं, मान्य करू. मग ज्या चिन्हावर आला ते सोडताना घोळक्याला सूट का? चिन्ह महत्त्वाचं असेल तर दोनतृतीयांश गेले तरी परत लोकांसमोर जायला हवं, आणि माणूस महत्त्वाचा असेल तर त्याला मोकळेपणी हात वर करू द्यायला हवा. आत्ता पक्षांना दोन्हीकडून हवं ते मिळतं, शिस्त लावायची तेव्हा चिन्ह मोठं, फोडायचं तेव्हा माणूस मोठा. लोकांचा विश्वास उडतो तो भ्रष्टाचाराच्या बातम्यांनी उडतोच, पण माझ्या मते त्याहून जास्त यामुळे, की आपण काय केलं तर काय होईल याचा काही मेळच राहत नाही.

मग आत्ता हातात काय आहे

कायदा आपण काही उद्या बदलणार नाही. पण महासभेचं इतिवृत्त असतं, त्यात कोण हजर होतं, कोणी कुठली सूचना मांडली, कोणी विरोध नोंदवला हे येतं, आणि माहितीच्या अधिकारात ते मागता येतं. प्रभागातल्या चौघांचं वर्षभराचं इतिवृत्त शेजारी शेजारी ठेवून सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावा, कोण नुसतं अनुमोदन देत होतं ते लगेच दिसेल. प्रभाग सुधारणा निधी कोणी कुठल्या कामाला दिला, त्याचीही यादी मागता येते, आणि त्या खचलेल्या झाकणाचं उत्तर बहुतेक तिथेच सापडतं.

आणखी एक आहे, क्षेत्रसभा. गावात ग्रामसभा असते तशी शहरात वस्तीपुरती मतदारांची सभा, आपल्या महापालिका कायद्यात तिची सोय बरीच वर्षं आहे, नगरसेवकाने ती घ्यायची आणि लोकांनी कामांची यादी द्यायची. तुम्ही कधी गेलायत? मी तर आमच्या भागात झालेली ऐकलीही नाही. नगरसेवकांचे पुढच्या वेळी सत्कार, हार-तुरे होतील तेव्हा चौघांनाही स्टेजवरच विचारा की आमची क्षेत्रसभा कधी आणि ती चौघांपैकी बोलावणार कोण.